प्लेटवरची कॉलनी कशी पाहावी आणि जर्नलमध्ये कशी लिहावी

मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला मुंबईच्या कॉलेजांत जर्नलमध्ये कॉलनीचा, म्हणजे प्लेटवर एका जागी वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्याचा, तक्ता आखायला लावतात: आकारमान, आकार, कडा, उंची, पृष्ठभाग, पारदर्शकता, रंग, घट्टपणा. पुष्कळ मुलं तो प्लेट न बघताच भरतात. ई. कोलाय आहे ना, मग लिही गुलाबी! प्लेट मात्र न्यूट्रिअंट ॲगरची, म्हणजे साध्या पोषक जेलीची असते आणि तिच्यावर ई. कोलाय कधीच गुलाबी दिसत नाही. जिवाणूचं नाव डोक्यात ठेवून वर्णन लिहायचं नाही. दिसतं ते लिहायचं, नाव मागाहून.

म्हणून तक्त्याच्या आधी तीन गोष्टी लिहा: मीडियम (जिवाणू ज्यावर वाढवतात ते पोषक माध्यम) कोणतं, तापमान किती, किती तास ठेवलं. यांच्याशिवाय पुढच्या वर्णनाला काही अर्थ नाही. सेराशिया मार्सेसन्स ही जिवाणूची जात मुंबईतल्या खोलीच्या तापमानाला ठेवली तर लालभडक रंग धरते, ३७ अंशांवर तीच बरेचदा पांढुरकी राहते.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्या. हवेतल्या दमटपणामुळे ओतलेल्या प्लेट लवकर सुकत नाहीत आणि ओल्या ॲगरवर कॉलन्या एकमेकींत पसरतात. मग कडांचं वर्णन करणं व्यर्थ. स्ट्रीक करण्याआधी, म्हणजे लूपने रेघा ओढून जिवाणू पसरवण्याआधी, पृष्ठभाग सुकवून घ्या आणि इन्क्युबेटरमध्ये प्लेट उलटी ठेवा, म्हणजे झाकणावर जमलेलं पाणी कॉलन्यांवर ठिबकणार नाही.

दुसऱ्या दिवशी झाकण न काढता प्लेट हातात घ्या. शेवटच्या स्ट्रीकमधल्या, शेजाऱ्यांपासून सुट्या असलेल्या कॉलन्याच निवडा. गर्दीतल्या कॉलन्या अन्नासाठी झगडून लहान राहिलेल्या असतात. प्लेटखाली पट्टी धरून व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. ‘लहान’, ‘मोठी’ असं लिहून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मग भिंगातून कडा बघा: अखंड, नागमोडी, पाकळ्यांसारखी की धागे सुटलेली? उंचीसाठी प्लेट डोळ्यांच्या पातळीवर आणून बाजूने बघायची. वरून बघून कॉलनी सपाट आहे, फुगीर आहे की मध्ये उंचवटा आहे, हे ठरवताच येत नाही. पारदर्शकता ट्यूबलाइटसमोर धरून बघा, चकाकी मात्र वरून पडणाऱ्या उजेडात.

घट्टपणा नजरेने कळत नाही. बर्नरजवळ झाकण किंचित उचला आणि तापवून थंड केलेल्या वायरलूपने कॉलनीला स्पर्श करा. लोण्यासारखी मऊ उचलली जाते, कोरडी असेल तर भुगा होतो, आणि क्लेब्सिएलाची बरेचदा लूपबरोबर तार धरून वर येते, कारण तिच्या पेशींभोवती कॅप्सूलचं जाड, चिकट आवरण असतं. जुन्या पुस्तकांत वासाचाही रकाना सापडेल. तो कोराच सोडा. उघड्या प्लेटला नाक लावायचं नाही.

आता कॉलनीवरून नजर काढून तिच्या भोवतालचं मीडियम बघा. माझ्या मते या तक्त्यातला सगळ्यात बोलका भाग हाच, आणि नेमका तोच घाईत राहतो. ब्लड ॲगर उजेडासमोर धरा. कॉलनीभोवती रक्तपेशी पूर्ण फुटून स्वच्छ वर्तुळ झालं असेल तर बीटा हिमोलायसिस, हिरवट छटा असेल तर अल्फा, काहीच बदल नसेल तर गॅमा. मॅकाँकी ॲगरमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) आणि न्यूट्रल रेड (आम्लात गुलाबी-लाल होणारा रंग) असतं. लॅक्टोज आंबवणाऱ्या जिवाणूंमुळे आम्ल तयार होतं, म्हणून ई. कोलायच्या कॉलन्या गुलाबी. साल्मोनेलाला ते जमत नाही, म्हणून तिच्या फिकट, बिनरंगी. प्रोटिअस तर ब्लड ॲगरवर लाटांसारखा पसरत जातो आणि सुटी कॉलनीच मिळू देत नाही. अशा वेळी व्यासाच्या रकान्यात ‘पसरणारी वाढ’ असं लिहा.

ब्रॉथ (पातळ मीडियम) असेल तर नळी हलवण्याआधी बघा: सगळीकडे गढूळपणा आहे, तळाशी गाळ आहे की वर साय धरली आहे? हलवलीत तर हा फरक गेला. मुंबईत प्लेगची साथ असताना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन प्लेगचे जिवाणू ब्रॉथमध्ये वाढवत होते आणि वर तुपाचे थेंब सोडत होते. स्थिर ठेवलेल्या फ्लास्कमध्ये त्या थेंबांपासून खाली लोंबणारे धागे वाढत. ही प्लेगच्या जिवाणूची खूण ठरली. फ्लास्क हलला की धागे तळाशी जात. त्याच वाढीपासून केलेली लस हाफकिननी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

पूर्ण नोंद अशी दिसते: मॅकाँकी ॲगर, ३७ अंश सेल्सिअस, २४ तास. व्यास ३ मिमी, गोल, कडा अखंड, किंचित फुगीर, पृष्ठभाग गुळगुळीत, अपारदर्शक, गुलाबी, लोण्यासारखी मऊ; भोवतीच्या मीडियमवरही गुलाबी छटा.

नाव अजून लिहू नका. त्याच कॉलनीची ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची चाचणी) करा, पुढच्या बायोकेमिकल चाचण्या लावा. हे सगळं प्रयोगशाळेतच, देखरेखीखाली. घरच्या स्वयंपाकघरात अनोळखी जिवाणू वाढवू नका. काम झालं की प्लेट बेसिनमध्ये किंवा कचऱ्याच्या डब्यात नाही, आधी १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात.