टाकी आणि डीपीभोवतीच्या जागेत देशी गवत-झुडपं कशी लावावीत (नाशिक परिसरासाठी)

पाण्याच्या टाकीचं आवार, पंपहाऊसमागची पट्टी, डीपीच्या (विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या) कुंपणालगतचा कोपरा. या जागांवर एक तर गाजरगवत माजतं, नाही तर तणनाशक मारून जमीन उघडी पडते. कुणी हौसेने गुलमोहोर किंवा रेन ट्री लावला तर काही वर्षांत फांद्या तारांना टेकतात आणि दर पावसाळ्याआधी झाड बोडकं केलं जातं. इथे गुडघाभर गवत आणि छाटून छातीपर्यंत ठेवता येणारी झुडपंच शोभतात, टिकतातही.

आधी परवानगी. टाकीसाठी मनपाचा पाणीपुरवठा विभाग, डीपीसाठी महावितरणचं कार्यालय. केबल, पाइप आणि अर्थिंग कुठून गेलंय ते त्यांच्याकडून दाखवून घ्या आणि चुन्याने आखा. त्या रेघेवर पहार-कुदळ नाही, वरवर लावलेलं गवत चालेल. झुडूप पाइपपासून 2 मीटर लांब. व्हॉल्व्ह चेंबरभोवती 1 मीटर मोकळं. डीपीच्या कुंपणात शिरायचंच नाही, बाहेरूनही 2 मीटर नुसती खडी ठेवा. वेल अजिबात नको, गुळवेल ताणाच्या तारेवरून सरळ खांबावर चढते.

खरी लढाई गाजरगवताशी आहे. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत, फुलं यायच्या आत, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते. फुलावर आल्यावर उपटून तिथेच टाकलं तर बी तिथेच पडतं, आणि एका झाडाला हजारोंनी बी धरतं. पानांवर पांढुरके, काळ्या नागमोडी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना हात लावू नका. ते मेक्सिकन भुंगे, गाजरगवतावरच जगतात. गाजरगवत माजतं त्या जागी टाकळ्याचं बी पावसाआधीच, मेअखेर फेकून ठेवा. तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो आणि पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्यांना खाद्य देतो.

शेणखत घालू नका. भरावाच्या मुरमात देशी गवत छान तगतं. खत मिळालं की तणच उसळतं. मारवेल गवताचे मुळासकट ठोंब जुलैत 45 सेंमी अंतरावर लावा, एका गुंठ्याला साधारण 500 लागतात. कुसळी मात्र टाळा, तिची कुसळं लाइनमनच्या कपड्यांत रुततात. काठाला तरवड, निर्गुडी, अडुळसा दीड-दीड मीटरवर. तरवडाचं बी कठीण, रात्रभर गरम पाण्यात भिजवून पेरा. निर्गुडी-अडुळशाला पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी 10 लिटर पाणी, पुढे गरज नाही. कोपऱ्यात आपोआप उगवलेली रुई राहू द्या. तिच्या पानाखाली पांढरे-काळे-पिवळे पट्टे असलेली अळी दिसली तर ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची. पानं कुरतडली म्हणून औषध मारू नका. एका बाजूला मीटरभर जमीन उघडी, न तुडवलेली ठेवा, तिथे एकट्या राहणाऱ्या मधमाश्या बिळं करतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते कापणीत. सप्टेंबरात गवत हिरवंगार असताना सफाई केली की बी धरतच नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा गाजरगवत. बी झडल्यावर, डिसेंबरात कापा, विळ्याने, 10–15 सेंमी बुडखा ठेवून. आधी अर्धी पट्टी, महिनाभराने उरलेली, म्हणजे किडे-सरड्यांना आसरा राहतो. पण जानेवारीनंतर डीपीच्या बाजूला उभं वाळलेलं गवत ठेवणं धोक्याचं, ठिणगीने पेटतं. म्हणून त्या बाजूला 3 मीटरचा जाळपट्टा (आग पसरू नये म्हणून गवत काढलेली पट्टी) स्वच्छ ठेवा, खडीही त्यातच धरा. कापलेलं जाळू नका, जनावरांना द्या.

टाकीच्या ओव्हरफ्लोखाली ओल राहत असेल तर चिखल चालेल, त्यावर फुलपाखरं क्षार शोषायला बसतात. साचलेलं पाणी मात्र आठवड्याच्या आत वाहून गेलं पाहिजे, डासांना पिल्लावळ वाढवायला तेवढा वेळ पुरतो. टाकीच्या भेगेत वड, पिंपळ, उंबर उगवलं तर रोप बोटभर असतानाच विभागाला कळवून काढून घ्या.