जुनं सोन्याचं घड्याळ घेताय? आधी किंमत फोडून बघा, या चुका टाळा

जुन्या सोन्याच्या घड्याळाच्या किमतीत तीन किमती एकत्र असतात: केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) आणि पट्ट्यातल्या सोन्याची, आत चालणाऱ्या यंत्राची आणि तबकडीवरच्या नावाची. विकणारा मात्र आकडा एकच सांगतो. तो आकडा या तीन भागांत फोडून पाहिला की घ्यायचं की सोडून द्यायचं, हे बरंचसं तिथेच ठरतं. माझ्या मते या व्यवहारातल्या बहुतेक चुका फोड न केल्यामुळेच होतात.

‘सोनंच आहे, पैसे बुडणार नाहीत’

सगळ्यात महाग पडणारी समजूत हीच. सोनं बुडत नाही हे खरं, पण तुम्ही पैसे फक्त सोन्याचे मोजत नसता. म्हणून पहिलं काम मोडीचा हिशोब.

अख्खं घड्याळ तराजूवर ठेवून आलेलं वजन सोन्याचं नसतं. त्यातून मूव्हमेंट म्हणजे आतलं यंत्र, काच, तबकडी, पट्ट्यातल्या पिना, क्लास्पमधली (पट्ट्याच्या कुलपातली) स्टीलची स्प्रिंग असं सगळं वजा होतं. समजा, सोन्याच्या पट्ट्यासह घड्याळ १३० ग्रॅम भरलं आणि वजावट होऊन धातू ११० ग्रॅम उरला. १८ कॅरट असेल तर त्यातलं ७५ टक्के म्हणजे ८२.५ ग्रॅम शुद्ध सोनं. १४ कॅरट असेल तर ५८.५ टक्क्यांनी साधारण ६४ ग्रॅमच. त्या दिवसाच्या भावाने याची किंमत काढा आणि वितळवणारा स्वतःची घट कापून घेतो तीही धरा. घड्याळाची किंमत सहसा याच्या खाली जात नाही. चामड्याच्या पट्ट्याच्या पातळ ड्रेस घड्याळात सोनं फक्त केसमध्ये असतं, त्यामुळे तिथे हा आधार फारच थोडा मिळतो.

आता मागितलेल्या किमतीतून ही रक्कम वजा करा. उरते ती यंत्राची आणि नावाची किंमत, दागिन्यावरच्या घडणावळीसारखी. ती परत मिळेल की नाही, हे घड्याळावर अवलंबून आहे. रोलेक्स डे-डेटसारख्या घड्याळाला तेवढं देणारा पुढचा गिऱ्हाईक सापडतो. पण सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकातली कितीतरी सोन्याची क्वार्ट्झ (बॅटरीवर चालणारी) ड्रेस घड्याळं, तबकडीवर मोठं नाव असूनही, मोडीच्या भावाच्या आसपासच विकली जातात. अशा घड्याळाला मोडीच्या दुप्पट मोजले, तर वरचे पैसे दुसऱ्याच दिवशी गेले असं समजा. ते आवडलं म्हणून खुशाल घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

सोन्याचा भाव उसळला की हा फरक उघडा पडतो. चांगल्या चालत्या घड्याळांच्या केस वितळवल्या जातात आणि आतली यंत्रं सुटी विकायला येतात. अशी बेघर झालेली सुंदर मूव्हमेंट पाहून जीव तुटतो. पण बाजार कोणत्या घड्याळाला नुसतं सोनं समजतो आणि कोणत्याला घड्याळ समजतो, हे त्यावरून स्वच्छ कळतं.

शिक्का न वाचणं

रंगावर जाऊ नका, शिक्के वाचा. ७५० म्हणजे १८ कॅरट, ५८५ म्हणजे १४, ३७५ म्हणजे ९. स्विस घड्याळात केसच्या मागच्या झाकणाच्या आत आणि लगांच्या (पट्टा जिथे जोडतात त्या केसच्या टोकांच्या) खाली छोटे अधिकृत शिक्के असतात. १८ कॅरटवर पूर्वी हेल्वेशिया या स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं मस्तक असे, १४ कॅरटवर खार. १ ऑगस्ट १९९५ पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. ऐंशीच्या दशकातलं म्हणून सांगितलेल्या घड्याळावर कुत्र्याचं डोकं दिसलं, तर केस नंतरची आहे किंवा सांगितलेली गोष्ट खोटी आहे.

मुलाम्याची घड्याळंही स्वतःची ओळख लपवत नाहीत, फक्त ती वाचावी लागते. मायक्रॉनमध्ये दिलेली जाडी, ‘गोल्ड फिल्ड’, ‘प्लाके’ (फ्रेंचमध्ये मुलाम्याचं) असे शब्द किंवा मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ दिसलं, तर ते भरीव सोनं नव्हे. ‘मस्ट द कार्तिए’ मालिकेतल्या टँक घड्याळांवर ९२५ असतं, कारण ती चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली आहेत. घड्याळ अस्सल कार्तिएचंच, पण सोन्याच्या भावाने घेतलं तर फसगत.

रोलेक्सच्या पाच आणि सहा आकडी मॉडेल क्रमांकात शेवटचा आकडा धातू सांगतो: ८ म्हणजे पिवळं सोनं, ३ म्हणजे स्टील आणि पिवळं सोनं, ० म्हणजे स्टील. म्हणून १८२३८ पूर्ण सोन्याचं आणि १६२३३ दुरंगी. दुरंगी घड्याळाला नंतर मुलामा देऊन पूर्ण सोन्याचं म्हणून खपवलं जातं, ते इथे पकडता येतं. डे-डेट १९५६ मध्ये आलं तेव्हापासून विक्रीसाठी फक्त सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये बनतं, त्यामुळे मुलाम्याचं डे-डेट कोणी दाखवलं तर पुढे बोलायचं कारणच उरत नाही. जुन्या रोलेक्समध्ये क्रमांक लगांच्या मध्ये कोरलेले असतात आणि पट्टा काढल्याशिवाय दिसत नाहीत. पट्टा काढून दाखवायला सांगायला संकोच करू नका.

चुंबकाच्या चाचणीवर विसंबू नका. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण पितळही चिकटत नाही आणि घड्याळाचं चांगलं स्टीलही जवळजवळ चिकटत नाही. आम्लाची चाचणी घड्याळावर कायमचा डाग पाडते. एक्स-रे यंत्राने कस पाहणं चांगलं, मात्र ते वरचाच पातळ थर वाचतं. म्हणून ही तपासणी झाकणाच्या आतल्या बाजूलाही करून घ्यावी.

चकचकीत दिसतं म्हणजे जपलेलं आहे

नेमकं उलट असू शकतं. सोनं मऊ असतं आणि प्रत्येक जोरकस पॉलिशमध्ये थोडं सोनं निघून जातं. लगांच्या कडा गोल झाल्यात का, दोन्ही बाजूंचे लग सारख्या जाडीचे आहेत का, शिक्का पुसट झालाय का, हे भिंगाने पाहा. ओरखडे असलेली पण धारदार कडांची केस मी नव्यासारख्या चमकणाऱ्या केसपेक्षा कधीही वर ठेवेन. ओरखडे केव्हाही काढता येतात, गेलेला धातू परत येत नाही.

पट्टा आडवा धरून बघा. जुन्या अनेक सोन्याच्या पट्ट्यांच्या कड्या आतून पोकळ असत. वर्षानुवर्षं घासून त्या सैल होतात आणि पट्टा खाली लोंबतो. रोलेक्स आता प्रेसिडेंट पट्ट्याच्या कड्यांत सिरॅमिकचे तुकडे घालते, ते ही झीज कमी करण्यासाठीच. ताणलेला पट्टा दुरुस्त होतो, पण ते काम नाजूक आणि महाग आहे. कड्या पूर्ण आहेत का तेही पाहा. पट्टा मनगटाला पुरला नाही तर सोन्याची एकेक अस्सल कडी वेगळी विकत घ्यावी लागेल.

‘नुकतंच सर्व्हिसिंग झालंय’

तारखेचं बिल असेल तर झालंय, नाहीतर झालेलं नाही असंच धरा आणि सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं) किंवा पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष स्वतः सांभाळणारं) असेल तर हा खर्च साध्या घड्याळाच्या कितीतरी पट असतो. चावी दिल्यावर घड्याळ टाइमिंग मशीनवर, म्हणजे चाल मोजणाऱ्या यंत्रावर ठेवायला सांगा. आडवं ठेवल्यावर अॅम्प्लिट्यूड (आतल्या बॅलन्स चाकाचा झोका) साधारण २७० ते ३१० अंश असेल तर तब्येत बरी; २२०च्या खाली घुटमळत असेल तर तेल सुकलंय किंवा झीज झालीय. झाकण उघडून चावीच्या दांड्याजवळ गंज दिसतो का तेही पाहा, पाणी सहसा तिथूनच शिरतं.

नावाचे पैसे, पण पुरावा नाही

डबा आणि कागद खोटेही बनतात. कागदावरचा क्रमांक केसवरच्या क्रमांकाशी जुळायलाच हवा. पाटेक फिलिप आपल्या जुन्या घड्याळांचा दप्तरातला उतारा देते. त्यात मूळ तबकडी, धातू, बनल्याचं साल असतं. मोठी रक्कम देण्याआधी तो मागवणं शहाणपणाचं. चोरीचं नाही ना, हे द वॉच रजिस्टरसारख्या नोंदवहीत क्रमांक टाकून पाहता येतं. नंतर रंगवलेली तबकडी किंवा बाहेरून बसवलेले हिरे असतील, तर नावाची किंमत घसरते. हिऱ्यांचे जास्त पैसे मागितले तर सरळ नकार द्या.

घेऊन झाल्यावर काही बिघडलं तर

चांगलं चालणारं घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं, तर आधी चुंबकत्वाची शंका घ्या. ते काढायला कारागिराला थोडाच वेळ लागतो, त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगला हो म्हणू नका. काचेखाली बाष्प दिसलं तर ते आपोआप जाईल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी उघडून घ्या. तारीख हाताने बदलताना रात्री नऊ ते पहाटे तीन ही वेळ टाळा. जुन्या यंत्रांत त्या वेळी तारखेचे दाते अडकलेले असतात आणि तुटू शकतात.

परतीची मुदत विकणाऱ्याकडून आधीच लेखी घ्या, आणि ती चालू असतानाच घड्याळ दुसऱ्या, तटस्थ कारागिराकडून उघडून तपासून घ्या. विकणारा याला तयार नसेल तर घड्याळ कितीही सुंदर असो, तिथेच सोडून या.