रिव्ह्यूत कशावर भांडायचं, कशावर नाही

एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टला चार ओळींची दुरुस्ती पाठवली आणि पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे 'हा बदल घ्या' या विनंतीत, 600 ओळी बदललेल्या दिसल्या, तर रिव्ह्यू करणारा, म्हणजे तो कोड तपासणारा, लॉजिकपर्यंत पोचतच नाही. फर्मागुडीच्या हॉस्टेलवरून पाठवा की म्हापशातल्या घरून, पहिली पुल रिक्वेस्ट अनेकदा इथेच अडकते. कारणं बहुधा दोन. एक, एडिटरचं 'फॉरमॅट ऑन सेव्ह' चालू असतं आणि तो अख्खी फाइल स्वतःच्या मापात बसवून टाकतो. दोन, विंडोजवर ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ अशी ओळ संपल्याची दोन अदृश्य चिन्हं पडतात, रेपोत (प्रोजेक्टच्या सामायिक कोडसाठ्यात) नुसतं एलएफ असतं. डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही, पण बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या लेखी प्रत्येक ओळ नवी.

म्हणून त्या प्रोजेक्टच्या फोल्डरपुरतं फॉरमॅट ऑन सेव्ह बंद करा. कमिटआधी, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी, 'गिट डिफ --स्टॅट'मध्ये किती ओळी बदलल्या ते बघा. आकडा अपेक्षेपेक्षा मोठा आला की थांबा. 'गिट डिफ -डब्ल्यू' चालवल्यावर तुमच्या चारच ओळी उरल्या, तर घोळ मोकळ्या जागांचा किंवा ओळींच्या शेपटांचा आहे. मग शेपटं एडिटरमधून पुन्हा एलएफ करा आणि 'गिट ॲड -पी' ने नेमके आपले तुकडे उचला. मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, यावर अडून बसतो तो हट्टाने नव्हे. कुठली ओळ कुणी बदलली ते सांगणाऱ्या 'गिट ब्लेम'मध्ये त्या 600 ओळींवर तुमचं नाव लागतं, त्याच फाइलवर काम करणाऱ्या इतरांच्या बदलांशी टक्कर (कॉन्फ्लिक्ट) होते, आणि जुन्या आवृत्तीत तीच दुरुस्ती नेताना पॅच लागत नाही.

आता वादाचं. भाषेचे आणि लिपीचे वाद ऐकतच गोव्यात आपण मोठे होतो, तेव्हा ओळ आत सरकवायला टॅब की स्पेस यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात याचं आपल्याला नवल वाटायला नको. पण यातलं बरंचसं तुम्ही यायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. गो भाषेत 'गोएफएमटी' हा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप करणारं साधन) जे करेल ते खरं. पायथनच्या पेप 8 या शैलीनियमांत ओळ 79 अक्षरांची, ब्लॅक हा फॉरमॅटर 88 धरतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, टॅब, आणि तो 8 अक्षरांचा. ओळ शक्यतो 80 ची, पण तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट 2020 पासून 100 पर्यंत गप्प बसते. कुठला आकडा शहाणपणाचा, यावर घालवलेला वेळ फुकट. प्रोजेक्टचा आकडा घ्या. खुद्द पेप 8 सांगतं की त्याच्यापेक्षा प्रोजेक्टमधली एकवाक्यता मोठी, आणि त्याहून मोठी एका फाइलमधली, एका फंक्शनमधली. मार्गदर्शिकेत एक आणि जुन्या फाइलमध्ये दुसरंच दिसलं, तर शेजारच्या ओळींसारखं लिहा.

कमेंटच्या सुरुवातीला 'निट' लिहिलेलं असेल तर ती बारीकसारीक आवडनिवड. दोन मिनिटांत होत असेल तर करून मोकळे व्हा.

खरा वाद घालावा तो अर्थ लपतो तिथे. समजा, रायबंदर–चोडण फेरीबोटीचं वेळापत्रक दाखवणारा छोटा प्रोग्रॅम आहे आणि त्यात 'थांबा = 15' असं व्हेरिएबल आहे. 15 मिनिटं, 15 सेकंद, की धक्का क्रमांक 15? 'थांबा_मिनिटे' म्हटलं की प्रश्न संपला. त्याच प्रोग्रॅममध्ये 'फेरी_शोध(धक्का, ट्रू, फॉल्स)' अशी हाक (फंक्शन कॉल) दिसली, तर ट्रू कशाचं हे कळायला फंक्शनची व्याख्या उघडावी लागते. पायथनमध्ये पॅरामीटरच्या यादीत एक तारांकन टाकलं की पुढचे पॅरामीटर नावानेच द्यावे लागतात. आणि 'गेट' नावाचं फंक्शन हळूच डिस्कवर लिहीत असेल, तर ती शैलीची चूक नाही, ती फसवणूक आहे. अशा ठिकाणी रिव्ह्यू करणारा कितीही जुना असो, मुद्दा सोडू नका.

शैली आणि बग यांच्यातली रेघ नेहमीच स्पष्ट नसते. 2014 मध्ये ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित इंटरनेट जोडणीच्या) कोडमध्ये 'गोटू फेल', म्हणजे थेट शेवटाकडे उडी मार, ही ओळ चुकून दोनदा पडली होती. इफला महिरपी कंस नव्हते. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या (इंडेंट) पाहून त्या इफच्याच वाटायच्या, प्रत्यक्षात दुसरी प्रत्येक वेळी चालायची आणि डिजिटल सहीची पडताळणीच टळायची. तेव्हा कुणी एका ओळीच्या इफलाही कंस मागितले तर नाक मुरडू नका.

उत्तर देताना 'रिस्पेक्टेड सर' नको, तीन ओळींची माफीही नको. काय बदललं आणि कुठल्या कमिटमध्ये, एवढं पुरे. पटत नसेल तर 'मला असं वाचायला सोपं जातं' म्हणून भागत नाही, कारण समोरच्यालाही त्याचं सोपं जातंच. ही हाक तीन ठिकाणी आहे, त्यातल्या दोन ठिकाणी अर्थ उलटा लागतो, असं दाखवा. दोन उत्तरांत मिटलं नाही तर मेंटेनरला ठरवू द्या. शिवाय घड्याळ बघा: अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे 9 वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे 9:30 झालेले असतात. एका स्वल्पविरामावरच्या वादाची एक फेरी म्हणजे एक अख्खा दिवस, आणि पावसात वीज गेली तर दोन.

रिव्ह्यू चालू असताना कमिटचा इतिहास सारखा बदलून सर्व्हरवर ढकलू नका; आधी काय वाचलं होतं ते समोरच्याला सापडत नाही. 'गिट कमिट --फिक्सअप' ने छोटे कमिट जोडत जा. होकार मिळाला आणि प्रोजेक्टची तशी पद्धत असली, की 'गिट रिबेस -आय --ऑटोस्क्वॉश' ने ते मूळ कमिटमध्ये मिसळा आणि '--फोर्स-विथ-लीज' ने ढकला. साध्या '--फोर्स'ने, मेंटेनरने तुमच्या ब्रँचवर (तुमच्या बदलांच्या शाखेवर) मधल्या काळात काही टाकलं असेल तर तेही पुसलं जातं.