थरचा टांका, थरची सांगरी आणि गोव्यातलं घर

जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम 150 ते 200 मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात 3,000च्या आसपास. तरीही वैशाखात इथल्या काही वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. जैसलमेरच्या थर वाळवंटातली माणसं पाणी शोधण्यापेक्षा पडलेलं पाणी वाया न घालवण्यात जास्त कष्ट घेतात, आणि ते कसब आपण शिकण्याजोगं आहे.

एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. थरमध्ये टांक्याभोवती, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या जमिनीतल्या टाकीभोवती, जमीन चोपून उतरती करतात. तिला आगोर म्हणतात. 300 चौरस मीटरचं आगोर, 150 मिलिमीटर पाऊस, आणि त्यातलं निम्मं मुरलं तरी 22,500 लिटर हाती लागतं. 3 मीटर व्यासाच्या, 3 मीटर खोल टांक्यात साधारण 21,000 लिटर मावतं. पिण्या-रांधण्याला रोज 60 लिटर लागणाऱ्या घराला ते 350 दिवस पुरतं.

टांका गोलच बांधावा. चौकोनी टाकीला कोपऱ्यांत तडे जातात, गोल भिंतीवर दाब सारखा पडतो. पाणी आत येतं त्या तोंडाला जाळी आणि तिच्या अलीकडे गाळ बसायला छोटा खड्डा हवाच. वर पक्कं झाकण, बादली जाईल एवढंच तोंड: ऊन आत गेलं की शेवाळ धरतं. पावसाआधी आगोर झाडून घ्यायचं, काटेरी कुंपण घालून शेळ्या बाहेर ठेवायच्या. बहुतेक टांके बिघडतात ते इथे, बांधकामात नव्हे. चुन्याचा गिलावा असेल तर टांका पूर्ण कोरडा पडू देऊ नये; गिलावा तडकतो.

गोव्यात आगोराची गरजच नाही, कौलारू छप्पर आहे. 100 चौरस मीटर छपरावरून हंगामात दोन लाख लिटरच्या वर पाणी वाहून जातं. पन्हळ लावा, मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी बाहेर सोडा, मगच नळी टाकीत वळवा. टाकी शौचालयाच्या खड्ड्यापासून लांब ठेवा आणि फणस-वडाच्या मुळांपासूनही.

थरची बेरी, म्हणजे ओलावा गोळा करणारी अरुंद विहीर, मात्र इथे उचलू नये. वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा, थर असतो तिथेच ती चालते. वाळूत मुरलेला ओलावा त्या थरावर अडतो आणि खोल अरुंद विहिरीत थेंबाथेंबाने जमतो. विहीर इतकी अरुंद की आतला माणूस उकिडवा बसून आखूड दांड्याच्या हत्याराने खणतो. वरचे लोक मूठ-मूठ वाळू जोराने खाली फेकतात, तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते. खडियाचा थर फुटला तर सगळं बिघडतं: गोडं पाणी खालच्या खाऱ्यात मिसळतं.

निवाऱ्याचं थोडक्यात. थरचा झोंपा गोल असतो, वादळी वारा त्याला वळसा घालून जातो. जाड मातीची भिंत, शेणाचं सारवण, वर खींप किंवा सणिया या झुडपांच्या काड्यांचं छप्पर. आपल्या पावसाला ती भिंत टिकणार नाही; चिरा आणि लांब पाखीच बऱ्या.

अन्नाची जमवाजमव गोव्यातल्या पुरुमेंतासारखीच, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसारखीच, आहे, फक्त तिथे बेगमी दुष्काळासाठी. सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्या दसऱ्याच्या शमीच्या, शेंगा. त्या उन्हाळ्यात कोवळ्या, हिरव्या असतानाच तोडतात, उकडून कडक वाळवतात. उशीर झाला तर त्या झाडावरच पिकून खोखा होतात: गोड लागतात, पण भाजीला निरुपयोगी. केर हे हिरवं फळ कडू असतं. ते मिठाच्या पाण्यात किंवा ताकात, पाणी रोज बदलत, तीन-चार दिवस ठेवतात. हिरवा रंग पिवळसर झाला आणि कडवटपणा गेला की वाळवतात.

बाजारातून केर-सांगरी आणलीत तर इथल्या दमट हवेत पिशवीत ठेवू नका, बुरशी धरेल. कडक उन्हात तापवून, निवल्यावर काचेच्या बरणीत घट्ट भरा. सांगरी मोडताना कट्कन आवाज आला तरच ती पावसाळा काढेल. भाजीसाठी दोन्ही रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या, मऊ उकडा आणि लाल मिरची, आमचूर घालून तेलावर परता. तेल सढळ असू द्या. कोरडी राहिली तर भाजी चरबट लागते.