पिकलबॉल टुर्नामेंटला निघालात? मग बॅग अशी भरा

पिकलबॉल म्हणजे पॅडलने (छोट्या चपट्या बॅटने) भोकांचा प्लास्टिकचा बॉल नेटवरून मारायचा खेळ, त्याच्या टुर्नामेंटचा दिवस कसा जातो ते आधी बघा. आठचं रिपोर्टिंग, पहिली मॅच लागते सव्वानऊ साडेनऊला, मग तासभर बसून, मग दुसरी, मग कुणाचा तरी मिक्स्डचा पार्टनर दुसऱ्या कोर्टवर अडकलेला असतो म्हणून सगळंच पुढे ढकललं जातं, आणि सेमीला पोचलात तर थेट संध्याकाळ. ग्रुपच्या मॅचेस बऱ्याच ठिकाणी एकाच गेमच्या ठेवतात, सुरू झाली म्हणेपर्यंत संपते. दिवसभराचा हिशोब केला तर कोर्टवर कमी आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर जास्त, म्हणून बॅग भरताना आधी खुर्चीचा विचार करायचा, पॅडल काय सगळेच घेतात.

दुसरा विचार करायचा मिनिटाचा. ११ पॉइंटच्या गेमला प्रत्येक टीमला दोन टाइमआउट, एकेका मिनिटाचे, आणि दोन गेमच्या मधे दोन मिनिटं. हे नियमातलं झालं, लोकल आयोजक यातही काटछाट करतात. एका मिनिटात बेंचपर्यंत जायचं, पाणी प्यायचं, घाम पुसायचा, पार्टनरशी बोलायचं की समोरच्या लेफ्टीच्या बॅकहँडला टाकूया. यात बॅगेच्या तळातून नॅपकिन शोधायला वेळच नाहीये हो.

म्हणून माझा सरळ हिशोब, एका बॅगेत दोन बॅगा. मोठी बॅग स्टँडमधे खुर्चीपाशी राहणार आणि आत एक छोटी दोरीवाली पिशवी, जी कोर्टवर जाणार. छोटीत फक्त दोन्ही पॅडल्स, पाण्याची बाटली, दोन नॅपकिन, रिस्टबँड, एक नवी ओव्हरग्रिप (पॅडलच्या मुठीवर गुंडाळायची पट्टी) आणि दोन केळी किंवा खजूर. बस. बाकी काही नाही.

मोठी बॅग शक्यतो पाठीवरची घ्या. टुर्नामेंट रविवारी असते आणि मुंबईत रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे स्लो ट्रेन, गर्दी, त्यात तो लांबलचक डफल खांद्याला लावून दारात उभं राहिलात की सगळा डबा तुमच्याकडे कसा बघतो ते अनुभवून बघा. चपलांना बुटांना वेगळा कप्पा असलेली सॅक असेल तर उत्तम, नसेल तर बूट कापडी पिशवीत घालायचे, प्लास्टिकच्या नाही, त्यात वास कोंडतो.

आता पॅडल. दोन हवीतच, आणि यावर माझं मत जरा ठाम आहे, वीस हजाराचं एक घेण्यापेक्षा मधल्या किमतीची सारखी दोन घ्या. सारखी म्हणजे जाडीला पण सारखी, एक १६ मिलिमीटरचं आणि दुसरं १३ चं असेल तर मॅचच्या मधे बदलल्यावर तुमचे ड्रॉप, म्हणजे नेटपलीकडे अलगद टाकायचे फटके, नेटमधे नाहीतर समोरच्याच्या फोरहँडवर. ग्रिपवर ओव्हरग्रिप पण दोन्हीला तेवढ्याच गुंडाळायच्या. आदल्या दिवशी पॅडलच्या दोन्ही बाजूंवर बोटाच्या पेराने टकटक करत जायचं, सगळीकडे एकसारखा आवाज आला पाहिजे, एखाद्या ठिकाणी पोकळ किंवा बद्द आवाज आला तर आतल्या प्लास्टिकच्या जाळीपासून वरचा थर सुटायला लागलाय, ते पॅडल रेफरी बाद करू शकतो. टुर्नामेंटच्या नोटिशीत पॅडल कुठल्या यादीतलं चालेल ते लिहिलेलं असतं, बहुतेक यूएसए पिकलबॉल या अमेरिकेतल्या संघटनेचा अप्रूव्हड शिक्का मागतात, तो पॅडलवर छापलेला असतो. नाही सापडला तर आयोजकांना आधी फोन करा, सकाळी टेबलापाशी उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही.

रॉ कार्बनचं पॅडल असेल तर त्याच्या खरखरीत पृष्ठभागात बॉलचा प्लास्टिकचा भुगा अडकून बसतो आणि स्पिन कमी होतो, त्यासाठी एक छोटा रबर ब्लॉक मिळतो, खोडरबरासारखा घासायचा की साफ. आणि पॅडल गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही! एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीत आतला गोंद आणि कडेचा फोम दोन्हीची वाट लागते. गाडी कितीही सावलीत असली तरी बॅग बरोबर घेऊन आत जायचं.

ओव्हरग्रिपवर जरा थांबतो, कारण मुंबई ठाणे कोकण गोव्याच्या हवेत मॅच हातातून जाते ती इथे. घामाने ओली ग्रिप फिरते, मग माणूस आणखी घट्ट धरतो, मग मनगट आखडतं, आणि किचन लाइनवरचा (नेटजवळच्या पट्ट्याच्या रेघेवरचा) डिंक, म्हणजे नेटवरून हलकेच टाकलेला बॉल, उंच उडतो. बॅगेत तीन ओव्हरग्रिप आणि त्यातली एक आदल्या रात्रीच नवीन चढवलेली. चढवताना वरची पातळ प्लास्टिकची फिल्म आधी काढायची (हसू नका, लोक तशीच गुंडाळतात आणि मग म्हणतात ग्रिप घसरते), निमुळतं टोक खालच्या बुडाशी चिकटवायचं, एक पूर्ण फेरा जागच्या जागी, मग ताण देत तिरकं वर चढत जायचं, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर दोन-तीन मिलिमीटर चढलेला हवा, वर उरलेलं कात्रीने तिरकं कापून टेप लावायची. ती छोटी कात्री पण बॅगेत पाहिजे, दाताने तोडलेली ग्रिप तासाभरात सुटते. आणि सनस्क्रीन लावलं की तळहात साबणाने धुवायचे किंवा सरळ पार्टनरला मानेला लावायला सांगायचं, सनस्क्रीनचा हात ग्रिपला लागला तर नवीन ग्रिप पण गेली. नॅपकिन दोन ते याचसाठी, एक तोंडाला आणि एक फक्त हात आणि ग्रिपला, रंग वेगळे ठेवा म्हणजे गडबडीत अदलाबदल होत नाही.

बॉल आयोजक देतात, पण वॉर्मअपला स्वतःचे तीन-चार ठेवा, आणि त्याच मेकचे ज्याने टुर्नामेंट खेळणार आहेत. आउटडोअरचा ४० भोकांचा बॉल कडक आणि फास्ट, इनडोअरचा २६ भोकांचा जरा मऊ, उलट्या बॉलने सराव करून गेलात तर पहिले पाच पॉइंट टायमिंग शोधण्यातच जातात. बॉल पॅक करताना भोकांच्या कडेला बारीक तडे बघायचे, बोटांमधे दाबून फिरवला तर कळतं. तडा गेलेला बॉल उडताना वेगळाच आवाज करतो, तो घरी पोरांना द्या.

बुटांचं आपल्याकडे एक ठरलेलं आहे, बॅडमिंटनवाले बॅडमिंटनचेच घालून येतात. लाकडी कोर्ट असेल तर मस्त, नॉन-मार्किंग गम सोल तिथे हवाच. पण बाहेरचं ॲक्रिलिक किंवा काँक्रीटचं कोर्ट असेल तर तो मऊ सोल खरवडून निघतो, तिथे टेनिसचे बूट बरे. रनिंग शूज मात्र कुठेच नाही, टाच उंच असते, आडवं धावताना घोटा मुरगळतो. मोज्यांचे तीन जोड घ्या. पावसाळ्यात चार. ओल्या मोज्यातला फोड उपउपांत्य फेरीपर्यंत बोलायला लागतो.

कपड्यात एकच गोष्ट लक्षात ठेवा, बॉलच्या रंगाचा टीशर्ट नको. बॉल बहुतेक वेळा निऑन पिवळा असतो आणि तसाच टीशर्ट घातला तर समोरच्याला बॉल दिसत नाही म्हणून बदलायला लावू शकतात, नियमात आहे. गंमत म्हणजे काही आयोजक स्वतःच निऑन टीशर्ट वाटतात. तेव्हा गडद रंगाचे दोन जास्तीचे ठेवाच, तसंही दुसऱ्या मॅचनंतर पहिला पिळून काढावा लागतो.

खाण्यापिण्याचं. कँटीनमधे वडापाव आणि कोल्ड्रिंक असतं, वडापावशी माझं वैर नाही, पण तो शेवटच्या मॅचनंतरचा. मधे राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर, केळी, आणि मोठा गॅप असेल तर डब्यात दहीभात नाहीतर उपमा, थोडा थोडा खायचा. पाणी घरून दोन लिटर. घाम खूप येत असेल तर ओआरएसचा पाऊच, आणि तो पाऊच एक लिटरचा असेल तर पूर्ण एक लिटरमधेच घालायचा, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खा ओतून जास्त ताकद येत नाही, उलट पोट बिघडतं. डब्ब्यातली तयार गोड पेयं ओआरएसच्या नावाखाली खपायची, ऑक्टोबर २०२५ मधे एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने, तसं नाव लावायला बंदी केली, तरी पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलाय का ते वाचूनच घ्या. शुगर किंवा बीपी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, ५० प्लसमधे खेळणारे खूप जण आहेत आपल्यात.

औषधांचा डबा छोटाच, क्रेप बँडेज, बँडएड, स्पोर्ट्स टेप, दुखण्याचा स्प्रे, नेलकटर, स्वतःच्या गोळ्या, बायकांनी पॅड्स. कोपर दुखत असेल तर पट्टा. डोळ्यांना पॉलीकार्बोनेटचा चष्मा घाला असं मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे ऐकत नाहीत, डबल्समधे नेटपाशी चौघं उभे असताना स्पीडअप, म्हणजे अचानक जोरात मारलेला बॉल, सरळ तोंडावर येतो, तेव्हा विचार करा.

बाकी किरकोळ: वयाच्या गटात खेळत असाल तर आधार कार्ड, ड्युपरचं (खेळाडूंना रेटिंग देणारं ॲप) लॉगिन चालू आहे का ते घरीच बघून ठेवायचं, पॉवर बँक कारण मॅच कुठल्या कोर्टवर ते व्हॉट्सॲपवर येतं, आणि दोन-तीनशे रुपये रोख, पत्र्याच्या शेडखाली नेटवर्क गेलं की यूपीआय पण जातं. टोपी, पातळ चादर किंवा योगा मॅट, स्टँडमधे पाठ टेकायला मिळाली तर अर्धी थकावट जाते.

सुनील वालावलकरांनी २००६ साली परदेशातून येताना थोडी पॅडल्स आणि बॉल सोबत आणले आणि मुंबईत हा खेळ सुरू झाला, तेव्हा इथे सामानच मिळायचं नाही. आता ओव्हरग्रिपपासून सगळं घरपोच येतं, पण टुर्नामेंटच्या सकाळी घरपोच येत नाही, म्हणून भरणं शुक्रवारी रात्रीच, काही राहिलं तर शनिवार हाताशी असतो. जे शेवटी लागणार ते तळाला, चादर आणि घरी जायचे कपडे, मधे डबा आणि औषधं, वर छोटी पिशवी तयार भरलेली.

आणि परत आलात की कितीही दमला असाल तरी बॅग त्याच रात्री उलटी करा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे, ओली ग्रिप काढून टाका, मोजे थेट मशीनमधे, पॅडल फडक्याने पुसून पंख्याखाली. वापरलेला ओआरएसचा पाऊच आणि संपलेली ग्रिप तेवढी लगेच ऑर्डर करून टाका.