चेटकिणीला प्रेमात पाडताय? या चुका टाळा

हलक्याफुलक्या चेटकीणकथांची हस्तलिखितं हल्ली माझ्याकडे बरीच येतात. सुरुवात बहुतेकांची झकास असते. मग कुणीतरी उंचापुरा, अबोल तरुण उगवतो आणि कादंबरीची वाट लागते.

प्रेम आलं की जादूचे नियम विसरणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंदूरच्या रामबागेतल्या एका मुलीच्या कादंबरीतली नायिका सराफ्यात उतारे विकायची. हा सराफा दिवसा सोन्याचांदीचा, रात्री त्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या. हिची जादू चालायची ती फक्त मधल्या वेळात, सराफाचं शटर पडल्यापासून गराडू, म्हणजे तळलेला कंद, विकणाऱ्याची कढई तापेपर्यंत. काय नियम काढला होता पोरीने! मंत्र चुकला की गराडूवर जिरावण मसाल्याऐवजी अंगारा पडायचा आणि गिऱ्हाईक हाशहुश करत आणखी एक प्लेट मागायचं.

मग नायक आला. त्याने नजर टाकताच हिची जादू भरदुपारी चालू! का, तर प्रेमात ताकद असते. पुढची पानंच्या पानं तो राजवाड्याकडे तोंड करून गप्प उभा. मी विचारलं, "अगं, हा पोटापाण्यासाठी करतो काय?"

"काका, तो आतून दुखावलेला आहे."

दुखावलेला असणं हा काही धंदा नव्हे.

अशा वेळी मी पेन्सिल घेऊन नायकाचं नाव दिसेल तिथे खोडतो आणि प्रकरण पुन्हा वाचतो. गोष्ट न अडखळता पुढे गेली, तर त्याची गरज नव्हती. त्या मुलीने कुरकुरत का होईना, नायकाला सराफाच्या पेढीवर तराजूपाशी बसवलं. आता हिशेब जुळला नाही की तो शटर उशिरा ओढतो आणि हिचा मंत्राचा वेळ बुडतो. रोज भांडण. त्या भांडणात जे जमलं, ते नजरानजरेच्या पानांत कधीच जमलं नसतं. पण तेवढा धीर कुणाला आहे? तिसऱ्या प्रकरणात मिठी हवी, कारण वाचकांना म्हणे रोमान्स लागतो.

नायिकेची जीभ बोथट करणं. ती फटकळ होती म्हणून वाचक आला. प्रेमात पडल्यावर ती नुसती लाजणार असेल, तर तो उठून जाईल.

वशीकरणाला प्रेम म्हणणं. समोरच्याने होकार दिलेलाच नाही. त्यात गोड काही नाही.

उसनी टोकदार टोपी. घरात उलट्या पायांची हडळ असताना?

गावाने चेटकीण ठरवलेल्या बाईवर विनोद. बिहारला 1999 मध्ये, छत्तीसगडला 2005 मध्ये अशा बायकांचा छळ थांबवण्यासाठी कायदा करावा लागला. तिथे बायका खरोखर मार खातात.

आणि शेवटच्या पानावर तिची जादू काढून घेऊन तिला पोळ्या लाटायला बसवू नका. असलं हस्तलिखित मी परत पाठवतो. टपालखर्च माझा.