हॅमॉकमध्ये थंडी खालून वाजते

डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीत हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायचा कापडी झोळा, बांधून झोपणारे बरेच जण अंगावर एक पांघरूण जास्त घेतात आणि तरी पहाटे तीनला कुडकुडत उठून बसतात. अंगाच्या वजनाने स्लीपिंग बॅग पाठीखाली दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि ऊब धरायला काही उरतच नाही. त्यात खालून वारा खेळता! खिशात थोडेच पैसे असतील, तर ते आधी पाठीखाली घाला.

सगळ्यात स्वस्त उपाय कॅरीमॅटचा. पाणी न शोषणाऱ्या फोमची, 8 ते 10 मिलिमीटर जाडीची मॅट चालते. अडचण एकच: ती जेमतेम दोन फूट रुंद असते आणि हॅमॉकचं कापड दोन्ही बाजूंनी खांद्यांना घट्ट लागतं, त्यामुळे खांदे गारठतात. जुन्या मॅटचा दीड बाय साडेतीन फुटांचा तुकडा कापून खांद्यांच्या जागी आडवा टाका. झोपायचं तिरकं, म्हणजे पाठ सपाट राहते. मॅटही तशीच तिरकी ठेवा. रात्री ती सरकतेच. हॅमॉक दुपदरी असेल तर दोन पदरांमध्ये सरकवा, नाहीतर स्लीपिंग बॅगच्या आत घाला.

थंडीच्या लाटेत भंडारदरा किंवा महाबळेश्वरकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा मॅटच्या जोडीला हॅमॉकच्या बाहेरून, खाली लटकणारी दुलई हवी. अशी तयार दुलई, म्हणजे अंडरक्विल्ट, हजारोंच्या घरात जाते. घरातली एसीची सिंगल दुलई (साधारण 60 बाय 90 इंच) तेच काम करते. गोधडी नको, वजनाने जीव जातो.

दुलईच्या चारही कडा दोन-दोन इंच दुमडून नेफा शिवून घ्या. दोन्ही लांब नेफ्यांतून इलास्टिकची दोरी ओवा आणि तिची टोकं हॅमॉकच्या दोन्ही टोकांना बांधा. आखूड नेफ्यांत साधी नाडी घाला; ती ओढली की डोक्याकडची आणि पायाकडची फट बंद होते. शिवण जमत नसेल तर प्रत्येक कोपऱ्यात चिंचोका किंवा गोटी गुंडाळून मागून दोरी आवळा, निसटत नाही. मात्र मधली कड लोंबते, तिथे आणखी एक गोटी लागते.

ताण मात्र नीट बघा. आत झोपा आणि सोबत्याला खालून दुलई आणि हॅमॉक यांच्यामध्ये हात घालायला सांगा. हात मोकळा फिरला तर गार हवा तिथेच साठणार, दोरी आखडा. दुलई चपटी झाली असेल तर सैल करा, दबलेल्या दुलईचा काही उपयोग नाही. वारा असेल तर तिच्या बाहेरून पॅराशूट कापड लावा. प्लास्टिक गुंडाळू नका. अंगाची वाफ आतल्या बाजूला पाणी होऊन जमते, दुलई भिजते आणि पहाटे होती त्याहून जास्त थंडी वाजते.

जागा चुकली तर वरचं सगळं वाया. गार हवा उताराने खाली सरकून ओढ्याकाठी, खोलगट जागी साचते. कड्याच्या टोकाला वारा झोडपतो. मधल्या उतारावरची, दाट झाडीची जागा बघा. हॅमॉकवरची ताडपत्री वाऱ्याच्या बाजूने जमिनीपर्यंत खाली बांधा. आकाश निरभ्र असेल तरी बांधा, दवाने पांघरूण ओलं होतं.

झोपण्याआधी दिवसभराचे घामट कपडे बदला, मोजे आणि कानटोपी घाला, मूठभर शेंगदाणे-गूळ खा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, ती मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवा. नुसती बाटली चटका देते. लघवी लागली तर अंग चोरून पडून राहू नका, झोप तशीही लागत नाही. आणि बंदिस्त ताडपत्रीखाली शेगडी किंवा निखारे कधीच नकोत; त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही.